गाडीत बसलेला माणूस

खेळण्यातली गाडी हा काही टीकालेखाचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. एका अर्थी ते खरेही आहे. परंतु दिवाळीच्या दिवसांत घरोघरी जी कलानिर्मिती चालते, तिच्याकडे टीकाकाराने अगदीच पाठ फिरवावी हेही बरे नव्हे. अंगणात जांभ्याच्या तांबड्या मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरले जातात, पायथ्याशी रांगोळीचा रस्ता निघतो आणि त्या रस्त्यावर कोणाच्या तरी खेळण्यांच्या पेटीतली बैलगाडी किंवा मालमोटार येऊन उभी राहते. शेजारीपाजारी पाहायला येतात. "बुरूज झकास झालाय हं!" "आणि चाकं खरोखरची फिरतात की!" अशी तारीफ होते. ही तारीफ मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. तीत गाडीचे कौतुक असते, चाकांचे असते, रंगाचे असते. त्या गाडीत बसलेल्या माणसाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. बहुधा तो बसलेलाच नसतो, आणि नसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझे म्हणणे असे आहे, की गाडीच्या प्रतिकृतीची पारख तिच्यात बसवलेल्या माणसावरून करावी. तो नीट बसला असेल, तर पुठ्ठ्याच्या खोक्याचीही गाडी होते. नीट बसला नसेल, तर परदेशातून मागवलेली महागडी मोटारसुद्धा खोके होऊन राहते. आता 'नीट बसणे' म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते आणि गणित त्रैराशिकापुरते. सुदैवाने ह्या विषयाला त्रैराशिक पुरते.

प्रथम किल्ल्याचाच प्रश्न घेऊ. बाजारातून आणलेले महाराज सिंहासनावर बसलेले असतात आणि किल्ल्याच्या महादरवाज्यापेक्षा हातभर उंच दिसतात. पहाऱ्यावरचा मावळा बुरुजाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. शहाणीसुरती माणसे ह्याला हसतात. मी हसत नाही. आपल्या डोळ्यांना ह्या गोष्टीची फार जुनी सवय आहे. गणपतीच्या पायाशी उंदीर असतो, तो त्यांचे वाहन आहे हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण एवढ्याशा उंदरावर एवढे मोठे दैवत बसणार कसे, असा हिशेब भाद्रपदात कोणी मांडला आहे काय? तेथे माप लांबीरुंदीचे नसते, थोरवीचे असते. जुन्या चित्रांतला राजा सेवकांहून मोठा असतो तो ह्याच न्यायाने, आणि पोराने किल्ल्यावर बसवलेले महाराजही त्याच न्यायाने मोठे असतात. ते बरोबरच आहे.

घोटाळा होतो तो खाली, रस्त्यावर. तेथे एक मावळा मालमोटारीला टेकून उभा केलेला असतो. कारण आत तो मावत नाही. माणूस वाहनाच्या शेजारी उभा असेल तोवर लहानमोठा चालतो. वाहनाच्या आत शिरला, की हिशेब सुरू होतो. डोके टपाला लागते की नाही, पाय फळीपर्यंत पोचतात की नाही, कासरा हातात येतो की नाही, हे प्रश्न थोरवीने सुटत नाहीत. म्हणूनच मला असे वाटते, की रिकामी गाडी करणे ही निव्वळ कारागिरी आहे आणि तिच्यात माणूस बसवणे ही कला आहे.

ह्या कलेचा एक फार जुना आणि फार थोर नमुना आपल्या महाराष्ट्रात सापडलेला आहे. नगर जिल्ह्यात (ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात) श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. १९५८ साली बोपर्डीकरांनी ते पुरातत्त्वाच्या नकाशावर आणले. पुढे १९७४ साली तेथल्या एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: एक रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारी मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्यांचा काळ कोणता ह्याबद्दल विद्वानांत वाद आहे. पुष्कळांच्या मते त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. काहींना धातूतले सोमलाचे प्रमाण पाहून ह्याविषयी शंका वाटते. तो वाद जाणत्यांनी मिटवावा. मला त्या रथात उभा असलेला माणूस पाहायचा आहे.

रथाला दोन बैल जुंपलेले आहेत. मध्ये लांबलचक दांडी, मागे दोन भरीव चाके, त्यांवर छोटीशी बैठक, आणि कठड्यामागे हा सडपातळ गडी ताठ उभा. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी १६ आणि माणसाची उंचीही १६ सेंटिमीटर. आता त्रैराशिक मांडा. हा माणूस प्रत्यक्षात १६० सेंटिमीटर उंच होता असे धरले, तर प्रमाण एकास दहा. मग रथ बैलांसकट साडेचार मीटर लांब आणि एक मीटर साठ सेंटिमीटर रुंद निघतो. आपल्याकडची एखादी बैलगाडी बैल जुंपून अंगणात उभी करा आणि टेप लावा. फार दूर जाणार नाही! ज्याने हा साचा केला, त्याने कागदावर एकास दहा असे लिहिले नसेल. त्याने गाडी पाहिली होती, हाकली असेल, आणि हाकणाऱ्याचे डोके बैलांच्या शिंगांच्या किती वर येते हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच ठेव्यातल्या इतर तीन जनावरांची मापे पाहा. रेडा ३१ सेंटिमीटर उंच, हत्ती २५ आणि गेंडा १९. हत्तीपेक्षा रेडा उंच! ही जनावरेही चाकांच्या गाड्यांवर चढवलेली आहेत (हत्तीची चाके तेवढी हरवली आहेत), म्हणजे बहुधा एकाच मिरवणुकीत ओढली जाणारी ही मंडळी. तरी हत्तीने रेड्याहून मोठे असावे, अशी त्या ओतकामवाल्याला गरज वाटली नाही. रथात मात्र त्याने माणसाला काटेकोर मापात बसवले. ह्याचा अर्थ मी असा लावते, की प्रमाण हे एका वाहनाच्या आतले असते. एका वाहनाचे दुसऱ्याशी जमलेच पाहिजे असे नाही. प्रत्येक वाहन हे आपापले जग आहे. त्या जगात जो शिरला, त्याला तेथला कायदा लागू.

त्या रथाच्या दांडीवर पुढे एक कुत्रा उभा आहे. हाकण्यात त्याचे काही काम नाही, ओढण्यात नाही, आणि गाडीचा तोल सांभाळायलाही तो नको आहे. परंतु गाडीबरोबर कुत्रा निघतोच, हे ज्याने पाहिले त्यालाच तो तेथे ठेवण्याची बुद्धी होणार. पुष्कळ थोरामोठ्यांच्या कलाकृतींत मला हा कुत्रा सापडत नाही.

खेळण्यातल्या गाडीची गोष्ट निघाली म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची आठवण होणे साहजिक आहे. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यापासून ते आपल्या घरचेच झाले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको म्हणून रडतो, त्याला शेजारच्या मुलासारखी सोन्याची हवी असते, आणि वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. हा प्रसंग पाहताना प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावले आहेत. तरी टीकाकाराने विचारावे असा एक प्रश्न उरतोच: त्या गाडीत माणूस कोठे आहे? माणसाच्या जागी दागिने आले, आणि पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. दुसरीकडे खऱ्या गाड्यांत नको ती माणसे बसली. वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत चढली, आणि चारुदत्ताच्या गाडीत बंदीतून पळालेला आर्यक. सगळे नाटक कोण कोणत्या गाडीत बसले ह्यावर फिरते. शूद्रकाने नाटकाला नाव मातीच्या गाडीचे दिले, ह्यात मला तरी निव्वळ कविकल्पना दिसत नाही.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. चितारआळीतून एखादी फेरी मारली, तर फणस, आंबा, केळ्यांचा घड, पाट-पोळपाट, सगळा संसार रंगाने लखलखत असतो. पूर्वी हे काम पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात होई. त्यांतली फळे इतकी हुबेहूब, की पाहुण्यांची फसगत होते. परंतु बैलगाडी उचलून पाहा. बैल देखणे, चाके देखणी, जू देखणे. गाडीवान बहुधा नाही, आणि असला तर खुंटीसारखा रोवलेला. ह्यात कारागिराचा दोष काढणे अन्यायाचे होईल. दोष असलाच तर साधनाचा आहे. कातावर फिरवून जे निघते ते गोल निघते. फळ गोल असते, भांडे गोल असते, माणूस बसला की गोल राहत नाही. आपली जुनी लाकडाची ठकी घ्या. एका ठोकळ्यातली, पाठ सपाट, डोळे मोठे; किती पिढ्यांच्या मुलींनी तिला जीव लावला! पण ठकीला गाडीत बसवता येत नाही. ती आडवी निजते किंवा उभी राहते. बसायला कंबर लागते, आणि ठकीला कंबर दिलेलीच नाही.

ह्याउलट आंध्रातल्या कोंडापल्लीची खेळणी पाहावी. तेथे हत्तीवर अंबारी असते, पुढे माहूत असतो, आत मंडळी असतात, आणि सगळी खरोखर बसलेली दिसतात. कारण तेथले कारागीर हातपाय वेगळे कोरतात आणि चिंचोक्याच्या पिठाच्या लगद्याने ते धडाला जोडतात. हात जेथे वळवायचा तेथे वळवून जोडला, मांडी जशी हवी तशी बसवली. सौंदर्याचा हा एवढा मोठा फरक शेवटी चिंचोक्याच्या पिठावर येऊन ठेपतो, हे सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत कोणी लिहीत नाही.

रुखवतातल्या डोलीबद्दल मी थोडक्यातच लिहिते. तेथे नवरी कापडाची असते, आणि कापडाची नवरी कशीही दुमडते, बिचारी! डोली लहान झाली तर तिला आणखी थोडी दाबतात. शालू टाचून दिला की झाले. आमच्या बायकांच्या हाताला ही युक्ती उपजत आहे, आणि ती केवळ रुखवतातच वापरली जाते असेही नाही.

अलीकडे मात्र प्रतिकृतींच्या ह्या छंदाने एक निराळेच वळण घेतले आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीतून येतात. ते जुळवून विमान, रणगाडा, मोटार करायची. ह्यांची मापे ठरलेली असतात. विमानांचे एक आवडते माप एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच होतो. मोटारींचे एकास त्रेचाळीस हे माप मुळात खेळण्यातल्या रेल्वेवरून आले, फुटाला सात मिलिमीटर ह्या हिशेबाने. आपला साडेपाच फुटी माणूस विमानात २३ मिलिमीटरांचा होईल आणि मोटारीत ३९ मिलिमीटरांच्या आतबाहेर. इतका काटेकोर हिशेब असल्यावर माणूस आत बसायला अडचण ती काय असावी?

अडचण अशी, की तो बसत नाही! विमान बरोबर मापाचे, वैमानिक बरोबर मापाचा, आणि तरी बसत नाही. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला मोठी मौज वाटली. कारण शोधले तर फार सोपे आहे. खऱ्या विमानाचा पत्रा मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा. प्रतिकृतीची प्लॅस्टिकची भिंत एक मिलिमीटरची जरी धरली, तरी बहात्तरपट केल्यावर ती सात सेंटिमीटरांहून जाड भरते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून अर्ध्या वितेहून अधिक जाडीच्या भिंती झाल्या ना! बाहेरून माप चोख ठेवायचे तर ही सगळी जाडी आत येणार. खालची फळी जाड, आसन जाड, पाठ जाड. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही; आतल्या माणसाच्या वाट्याला मात्र जागा उरत नाही.

मग हौशी लोक काय करतात? डिंक लावण्याआधी माणसाला नुसते बसवून पाहतात. डोके टपाला लागले, तर मांड्यांची खालची बाजू कानसेने घासतात. तरी न बसला तर पाठ घासतात. तरीही नाहीच बसला, तर गुडघ्याखाली पाय कापून टाकतात. डोक्याला कोणी हात लावीत नाही, कारण खिडकीतून डोके दिसते. पाय कोणाला दिसणार आहेत? हात शेवटी, चाकाच्या अंदाजाने चिकटवायचे. असा हा वैमानिक अर्ध्या मांड्यांचा, बिनपायांचा, आणि चेहऱ्यावर मात्र मोठा धीरगंभीर भाव घेऊन आभाळात उडायला सिद्ध होतो.

हे वाचून कोणी हळहळेल. मी हळहळत नाही. माझ्या धंद्यात हे रोजचे आहे. आम्हां कादंबरीकारांना घर उभे करायचे असते, घाट उभा करायचा असतो, गाव, बोली, पाऊस, काजूची बोंडे, सारे तपशील जाडजूड भिंतींनी भरायचे असतात. बाहेरून माप चोख दिसते, आणि परीक्षणात 'प्रदेशाचे अस्सल चित्रण' असा शेरा मिळतो. मग नायकाला आत बसवायची वेळ येते. तो बसत नाही. त्याचा रोजगार घासला जातो, त्याचे आजारपण घासले जाते, शेवटी गुडघ्याखालचे पाय जातात. म्हणजे तो रोज कोठून चालत येतो आणि कोठे जातो हे कोणी सांगत नाही. खिडकीतून दिसणारे तोंड मात्र रंगवून ठेवलेले असते. गेल्या काही वर्षांत अशी बिनपायांची पुष्कळ माणसे मला छापील पानांत भेटली आहेत.

रेल्वेवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. छोट्या रेल्वेचे जगभर चालणारे माप एकास सत्त्याऐंशी. त्यात माणूस दोन सेंटिमीटरांहूनही थोडा कमी. इंग्रजांची इंजिने खरोखरीच अंगाने बारीक. त्या काळची विजेची मोटार ह्या मापाच्या इंजिनात मावेना. म्हणून त्यांनी इंजिन थोडे मोठे केले, एकास शहात्तर, आणि रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे तसेच ठेवले. त्यामुळे त्यांची गाडी आजही आपल्या मापाला अरुंद अशा रुळांवरून धावते आणि लाखो लोक ती प्रेमाने चालवतात. आपल्या कोकण रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यालाही हाच पेच पडतो. आपले रूळ साडेपाच फूट रुंदीचे, तयार मिळणारे छोटे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे. हिशेबाने हवेत एकोणीस. जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगते. साडेपाच फूट ही आपल्या रुळांची रुंदी म्हणजे जवळजवळ आपल्या माणसाची उंचीच आहे. तेव्हा कोकण रेल्वेच्या कोणत्याही प्रतिकृतीत माणसाचे माप शोधायला लांब जायला नको, दोन रुळांच्या मधले अंतर घेतले की झाले. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, आणि त्याच साली पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी ह्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी उघडले. मुले तेथे गाड्या पाहतात. मोठ्यांनी फलाटावरची माणसे पाहावीत.

ह्या छंदात शुद्धतावाद्यांचा एक पक्ष आहे. त्यांचे मत असे, की प्रतिकृतीत माणूस बसवूच नये. गाडी धातूसारखी दिसते, काच काचेसारखी दिसते, पण माणूस माणसासारखा दिसत नाही. तो बाहुला दिसतो आणि त्याच्यापायी सगळ्या प्रतिकृतीचे खेळणे होते. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शिवाय गाडी चालत नाही आणि माणूस चालवण्याच्या आविर्भावात कायमचा गोठलेला, हे दृश्य विचित्र दिसते खरे. तथापि हा युक्तिवाद मला पटत नाही. माणूस जमत नाही म्हणून तो वगळायचा आणि वरून त्याला शुद्धता म्हणायचे, ही शुद्धता फार स्वस्तातली झाली. रिकाम्या रथाला दायमाबादेत कोणी दोन वेळा पाहिले नसते. आणि रिकाम्या गाड्यांचे एक मोठे संकट असे, की त्या पाहून पाहून गाडी ही गाडीसाठीच असते असे पोरांना वाटू लागते.

हा वाद आमच्या वर्गात एकदा प्रत्यक्ष उभा राहिला. प्रदर्शनासाठी मुलांनी पुठ्ठ्याची एस.टी. करायला घेतली. पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ला पहिली एस.टी. धावली, ही माहिती फलकावर लिहायची होती, आणि गाडी लालच हवी होती. खरी गाडी साधारण अकरा मीटर, आमची पंचावन्न सेंटिमीटर. प्रमाण एकास वीस. चाके, पाट्या, छपरावर चढायची शिडी, सगळे मनासारखे झाले. मग एकाने मातीचा ड्रायव्हर आणला. खाकी रंग, मिशा, सगळे उत्तम. पण उंची बारा सेंटिमीटर, म्हणजे विसाच्या हिशेबाने जवळजवळ आठ फूट! तो दारातूनच आत जाईना. वर्गाचे दोन पक्ष झाले. एक म्हणे, छप्पर कापा. दुसरा म्हणे, ड्रायव्हर कापा. तिसरा एकटाच म्हणाला, ड्रायव्हर नकोच, गाडी डेपोत उभी आहे असे सांगू. हा मुलगा मोठेपणी शुद्धतावादी होणार!

मी म्हटले, आधी मापे घेऊ. मुलांनी मला बाकावर बसवले आणि बाकापासून डोक्यापर्यंत पट्टी लावली. माणूस बसला की किती उरतो, हे त्यांनी कधी मोजलेच नव्हते. उभ्या उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक. म्हणजे आठ सेंटिमीटरांचा ड्रायव्हर आसनावर सव्वाचार सेंटिमीटर दिसणार. तसा नवा केला, वेगळ्या हातापायांचा. एका जुन्या कोटाचे मोठे बटण चाकाच्या जागी बसले. ते अडीच सेंटिमीटरांचे, म्हणजे खऱ्या गाडीत अर्ध्या मीटरचे, अगदी बरोबर. सगळे मापात. आणि तरी बाहेरून पाहिले तर ड्रायव्हरचे कपाळ तेवढे दिसे, कारण आसनच खाली चिकटले होते. शेवटी आसनाखाली काडेपेटी सरकवली, तेव्हा कोठे तो रस्ता पाहू लागला. मुले ओरडली, "बाई, आता बघतोय!" माप बरोबर असणे आणि माणूस बघतोय असे वाटणे, ह्या दोन गोष्टींत काडेपेटीएवढे अंतर असते. ते गणिताने निघत नाही, डोळा लावून पाहावे लागते.

प्रवासी करायला वेळ नव्हता. चाळीस आसनांपैकी तीन-चारच भरली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, तिने पांढऱ्या चिंधीचा दोन सेंटिमीटरांचा चौकोन कापला आणि खिडकीजवळच्या एका रिकाम्या आसनावर ठेवला. विचारले, तर म्हणाली, "रुमाल टाकलाय, बाई. माणूस खाली चहा प्यायला गेलाय." एस.टी.ने प्रवास केलेल्या कोणालाही आणखी काही सांगायला नको. त्या एका रुमालाने गाडी भरली. खाली स्थानक आले, स्थानकावर चहाची टपरी आली, आणि जागा धरून ठेवलेला एक माणूस आला, त्याला न बनवताच. शुद्धतावाद्यांच्या रिकाम्या गाडीत आणि ह्या रिकाम्या आसनात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी गाडीचे दिवे लागतात का एवढेच विचारले आणि ते पुढे गेले. त्या मुलीला चारुदत्ताची गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही, पण दायमाबादचा तो कुत्रा तिला ओळखील.

माणूस न बनवता तो वाहनात बसवण्याची ही विद्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला नवी नाही, हे शिमग्यात पालखी पाहिलेल्या वाचकांच्या एव्हाना लक्षात आले असेल. बारा वाड्यांच्या श्रीदेव भैरीची पालखी घ्या, नाहीतर कोणत्याही गावच्या ग्रामदेवतेची. पालखीत देवाची सबंध मूर्ती नसते. रूपे लावतात: धातूचे मुखवटे तेवढे. खाली वस्त्रे, त्यांच्या चुण्या, वर फुले. धड नाही, हात नाहीत, पाय तर नाहीतच. आणि तरी देव बसलेला आहे ह्याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. प्लॅस्टिकच्या वैमानिकाचे पाय चोरून कापले जातात आणि ते दिसू नयेत अशी धडपड असते. येथे पाय मुळात दिलेलेच नाहीत आणि ते कोणापासून लपवलेलेही नाहीत. जे वस्त्र आहे ते लपवण्यासाठी नसून बसवण्यासाठी आहे. कारण ही पालखी नुसती वाहून न्यायची नसते, ती नाचवायची असते. ढोल घुमू लागले, की ती खांद्यावरून उसळते, कलते, गरकन फिरते, आणि माणसे खाली वाकून तिला पुन्हा झेलतात. त्या धामधुमीत रूप जागचे तसूभर हलता कामा नये. म्हणून रूपे लावायला बसलेले जाणते लोक घाई करीत नाहीत. एक घडी घालतात, बांधतात, हाताने हलवून पाहतात, सोडतात, पुन्हा बांधतात, बाहेर पोरे ढोलांवर टिपऱ्या आपटीत खोळंबलेली असतात, आणि आतून कोणीतरी ओरडते, "थांबा रे, अजून बसलं नाय नीट!"